भोपळ्याचा दिवा आणि आजोबांची भेट



ऑक्टोबर महिना संपत आला कीं इटलींतील लहानमोठ्या शहरांच्या बाजारपेठांत नारिंगी रंगाचे भोपळे दिसूं लागतात. दुकानांच्या कांचांवर काळ्या कागदाचीं वटवाघळें डकविलेलीं असतात, आणि ३१ तारखेस दिवस मावळला म्हणजे चेटकिणींचे उंच टोप व भुतांचे पांढरे झगे घातलेलीं मुलें टोळीटोळीनें दारोदार फिरून "खाऊ देतां कीं खोडी काढूं?" अशा अर्थाची आरोळी ठोकतात. ह्या सणाचें नांव हॅलोवीन. तो आजच्या रूपांत अमेरिकेकडून आला, आणि इटलींत त्याचा खरा प्रसार झाला तो १९९० नंतरच्या काळांत. तेथील पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींस तो रुचत नाहीं. हें आमचें नव्हे, आमच्या मुलांस कोणीं हें परकें वेड लाविलें, असा त्यांचा सूर असतो. आपल्याकडेहि निरनिराळ्या पाहुण्या सणांविषयीं हाच सूर अधूनमधून ऐकूं येतो, म्हणून इटलींतील ह्या प्रकरणाची थोडी चौकशी करण्यासारखी आहे. हा पाहुणा येण्यापूर्वीं तेथील मुलांना ह्या दिवसांत काय मिळत असे, त्यांतलें काय गेलें व काय राहिलें, आणि आज मुलांना बरोबर घेऊन एखाद्या कुटुंबाला त्या दिवसांत हातांनीं काय करतां येतें व कोठें हिंडतां येतें, हें मी आज सांगणार आहें.

प्रथम पंचांग पाहूं. कॅथलिक पंथांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस होय, आणि इटलींत त्या दिवशीं सार्वजनिक सुटी असते. त्याच्या पाठचा, म्हणजे २ नोव्हेंबरचा, दिवस सर्व मृतांचा. तो पाळण्याची वहिवाट फ्रान्समधील क्लूनी येथील मठाधिपति ओदिलो यांनीं दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांतून पाडली व पुढें ती सर्वत्र पसरली. गोव्यांतील आणि मुंबई-वसईकडील ख्रिस्ती कुटुंबें त्याच दिवशीं आपल्या आप्तांच्या कबरी झाडूनपुसून त्यांवर फुलें वाहतात व मेणबत्त्या लावतात, हें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलेलें असेल. आतां गंमत अशी कीं, हॅलोवीन ह्या इंग्रजी नांवाचा अर्थहि 'सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या' एवढाच आहे. आयर्लंड-स्कॉटलंडकडील लोक त्या संध्याकाळीं सलगमाचे कंद कोरून त्यांत दिवा ठेवीत. ते लोक अमेरिकेस गेले तेव्हां तेथें त्यांना कंदापेक्षां मोठा, कोरावयास सोपा आणि आंतून पोकळ असा भोपळा आयताच मिळाला. म्हणजे हा पाहुणा अगदींच परका नव्हे. घरांतून फार पूर्वीं बाहेर पडलेला आणि वेष पालटून परत आलेला तो दूरचा नातलग आहे.

भोपळ्याची हकीकतहि अशीच वळणाची आहे. तांबडा भोपळा हें मूळचें अमेरिका खंडांतील फळ. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तें युरोपांत आलें आणि पुढें समुद्रपारच्या व्यापारानें आपल्या परसांतहि पोंचलें. त्यापूर्वीं इटालियन लोक ज्या फळाला 'झुक्का' म्हणत तें आपल्या दुध्याच्या जातीचें, ज्याच्या वाळलेल्या कवचाचे आपण तुंबे करतों. तेव्हां भोपळ्याचा दिवा कोणत्या देशाचा म्हणावयाचा, ह्या वादांत फारसें हंशील नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे, आणि तो समजण्यासाठीं सिसिली बेटांत गेलें पाहिजे.

सिसिलींतील मुलाचा खेळण्यांचा व खाऊचा सर्वांत मोठा दिवस नाताळ नव्हता; तो होता २ नोव्हेंबर. पहिल्या तारखेच्या रात्रीं मुलें झोंपीं गेलीं म्हणजे घराण्यांतलीं मेलेलीं माणसें—आजोबा, पणजी, कधीं न पाहिलेली एखादी आत्या—कबरस्तानांतून उठून गांवांत येतात, आणि ज्या मुलांनीं वर्षभर शहाण्यासारखें वागून त्यांच्यासाठीं प्रार्थना केली असेल त्यांच्याकरितां खेळणीं व मिठाई ठेवून जातात, अशी तेथली समजूत. ह्या भेटी उघड्यावर ठेवीत नसत. सकाळीं उठून मुलांनीं कपाटामागें, पलंगाखालीं, कोठीच्या खोलींत त्या शोधून काढावयाच्या. सांपडल्या कीं घरचीं मोठीं माणसें सांगत, "ही बाहुली तुला आजीनें पाठविली बरें." मग नवे कपडे घालून सारें कुटुंब कबरस्तानाकडे जाई. मोठीं माणसें जात तीं फुलें वाहण्यासाठीं. मुलें जात तीं आभार मानण्यासाठीं. त्या नातवाच्या दृष्टीनें कबर म्हणजे आजोबांचा पत्ता होता.

धाकहि थोडा होता. जीं मुलें हट्टी, त्यांचे तळपाय मृत माणसें रात्रीं किसणीनें किसतात असें त्यांना सांगत. आणि म्हणून त्या रात्रीं घरांतील किसणी दडवून ठेवण्याचें काम मुलें मोठ्या तत्परतेनें करीत! परंतु ह्या सबंध सणांत भीतीचा वांटा एवढाच, एका किसणीपुरता. बाकी सारा देण्याघेण्याचा, नातेसंबंधाचा व्यवहार.

आपल्या पितृपक्षाची आठवण येथें होणें साहजिक आहे. आपल्याकडे जिवंत माणसें पितरांना जेवूं घालतात. पान वाढलें जातें, कावळ्याची वाट पाहिली जाते, आणि मुलांच्या वांट्यास खीर-वडे येतात ते मागाहून. सिसिलींत ओघ उलटा आहे. तेथें पितर देणारे आणि मुलें घेणारीं. उत्तर इटलींत मात्र आपल्यासारखी रीति आढळे. पिएमोंतेसारख्या प्रांतांतील खेड्यांत त्या रात्रीं मेजावर पाव व पाणी मांडून ठेवून घरचीं माणसें निजत. कांहीं ठिकाणीं तर पहांटे नेहमींपेक्षां लौकर उठून अंथरुणें मोकळीं करून देत, हेतु हा कीं रात्रभर हिंडून दमलेल्या पितरांना घटकाभर पाठ टेकतां यावी. मुलांना अंथरुणांतून लौकर उठविण्यास ह्याहून चांगलें कारण कोणत्याहि आईला सुचलें नसेल.

आतां मिठाईकडे वळूं, कारण ह्या सणांतील हस्तकला म्हणतात ती मुख्यतः मिठाईची कला आहे. सिसिलीच्या मुलाला जी टोपली मिळे तींत सुके अंजीर, अक्रोड, डाळिंबें व भाजलेले चेस्टनट (फणसाच्या आठळ्यांची चव आठवावी) असत, आणि त्यांच्यावर मांडलेलीं असत रंगीत फळें: संत्रीं, पेअर, फुटलेलें अंजीर, निवडुंगाचीं बोंडें. हीं फळें खरीं नव्हेत. तीं बदाम व साखर यांच्या गोळ्याचीं केलेलीं असतात, आणि त्यांचें नांव 'फ्रुत्ता मार्तोराना'. पालेर्मो शहरांत बाराव्या शतकाच्या अखेरीस एलोइझा मार्तोराना नांवाच्या बाईनें स्थापन केलेल्या जोगिणींच्या मठावरून हें नांव पडलें. कोणी मोठा अतिथि मठाची बाग पाहण्यास यावयाचा होता, हंगाम फळांचा नव्हता, म्हणून जोगिणींनीं बदामाचीं फळें करून उघड्या झाडांवर टांगलीं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, फळें मात्र अशीं हुबेहूब असतात कीं सालीवरचे डाग आणि किड्यानें पाडलेलें छिद्रसुद्धां रंगविलेलें असतें.

हीं फळें घरीं करणें अवघड नाहीं, आणि बदामाची बर्फी ज्यांना येते त्या गृहिणींना तर अर्धी कृति ठाऊकच आहे. सोललेल्या बदामांचें अगदीं बारीक पीठ व साखर समभाग घ्यावी, आणि साखरेच्या सुमारें चौथाई पाणी. पाणी व साखर विस्तवावर ठेवून साखर विरघळली कीं बदामाचें पीठ घालावें, आणि मिश्रण भांड्याच्या कडा सोडीपर्यंत मंद आंचेवर ढवळावें. मग तें पाटावर काढून कोमट असतांच चांगलें मळावें. येथपर्यंतचें काम मोठ्या माणसांचें. येथून पुढें मुलांचें. सिसिलींत गोळा प्लास्टरच्या सांच्यांत दाबतात, परंतु सांचा नसला तरी अडत नाहीं. संत्र्याची साल हवी असेल तर गोळा किसणीच्या खरबरीत बाजूवर हलकेच फिरवावा (दडवून ठेवलेली किसणी येथें कामास येते). पेअरच्या देंठाच्या जागीं लवंग खोंचावी. फळें एक रात्र उघड्यावर वाळूं द्यावीं आणि दुसऱ्या दिवशीं खाण्याच्या रंगांनीं बारीक कुंचल्यानें रंगवावीं: आधीं फिका रंग सर्वत्र, मग एका गालावर गडद. घाई केली तर रंग फुटतो. मुलांना ही एक रात्र थांबावयास लावणें हा ह्या कृतींतील सर्वांत कठीण भाग आहे.

दुसरा प्रकार साखरेच्या बाहुल्यांचा. कढत पाक दोन भागांच्या सांच्यांत ओततात, कडेचा थर घट्ट झाला कीं मधला पातळ पाक ओतून काढतात, आणि अशा रीतीनें आंतून पोकळ अशी वीतभर उंचीची मूर्ति तयार होते. मग ती रंगवितात. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी सांच्यांत ओततांना ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना ह्या कारागिरीची कल्पना ताबडतोब येईल. मूर्ति असतात त्या बहुधा शार्लमेन बादशहाच्या शूर सरदारांच्या, ओर्लांदो व रिनाल्दो ह्यांच्या, कारण सिसिलींतील प्रसिद्ध कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांतील नायक तेच. पालेर्मोस ह्या बाहुल्यांचें एक मोठें संग्रहालय १९७५ पासून आहे; पावसाच्या दिवशीं मुलांना नेण्यास त्या शहरांत ह्यापेक्षां चांगली जागा मला ठाऊक नाहीं.

तिसरा प्रकार नांवानें भयंकर: 'मृतांचीं हाडें'. हीं लवंगेच्या स्वादाचीं कठीण बिस्किटें. पीठ, साखर व पाणी यांचा गोळा करून, त्याचे तुकडे दोनतीन दिवस वाळवून मग भट्टींत घालतात. वरचा भाग वाळून पांढरा कोरडा झालेला असतो. आंतली साखर उष्णतेनें वितळून खालीं झिरपते आणि तिचा तपकिरी पाया बनतो. हाडासारखें पांढरें रूप येतें तें असें. उत्तरेकडे ह्याऐवजीं 'मृतांच्या शेंगा' म्हणून बदामाचीं लहान बिस्किटें करतात. शेंगांचा व मृतांचा संबंध फार जुना आहे. प्राचीन रोमन गृहस्थ मे महिन्यांतील ठराविक रात्रीं उठून, अनवाणी चालत, मागें न पाहतां काळ्या शेंगांचे दाणे टाकीत जाई आणि घरांत भटकणाऱ्या पिशाचांना निघून जाण्यास सांगे. तेच दाणे पुढें बदामाचे होऊन मुलांच्या हातीं आले! त्रिएस्ते शहरीं हीं बिस्किटें तीन रंगांचीं असतात; पांढरें जन्माचें, गुलाबी जीवनाचें व तपकिरी मृत्यूचें असें तेथें सांगतात, आणि मुलें तीं तिन्ही एकदम तोंडांत टाकतात.

सिसिली सोडून खंडाच्या दक्षिण भागांत आलों कीं भोपळा भेटतो, आणि तो हॅलोवीनचा नव्हे. कालाब्रिया प्रांतांत सेर्रा सान ब्रुनो नांवाचें डोंगरांतलें गांव आहे. तेथील मुलें भोपळ्याला कवटीचा आकार देऊन, आंत मेणबत्ती लावून गल्लोगल्लीं हिंडत आणि "ह्या कवटीचे पैसे देतां ना?" असें विचारीत. पुलिया प्रांतांतील ओर्सारा गांवीं १ नोव्हेंबरच्या रात्रीं घरोघर दारापुढें होळ्या पेटवितात व कोरलेले भोपळे मांडून ठेवतात. भटकत्या आत्म्यांना ऊब मिळावी व आपलें घर ओळखूं यावें, ही त्यामागची भावना. निखाऱ्यांत बटाटे भाजतात, आणि शिजविलेल्या गव्हांत डाळिंबाचे दाणे, अक्रोड व द्राक्षांचा रस आटवून केलेली काकवी घालून एक पक्वान्न वांटतात. खपली गव्हाची खीर ज्या घरांत होते त्यांना तें परकें वाटूं नये. ओर्साराचे लोक आपला सण हॅलोवीन नव्हे हें आवर्जून सांगतात, आणि तें खरेंच आहे. सार्डिनिया बेटांत तर मुलें मृतात्म्यांच्या नांवानें दारोदार जाऊन खाऊ मागतात आणि त्यांच्या झोळींत मनुका-अक्रोडांचीं बिस्किटें, डाळिंबें, सुके अंजीर पडतात. मागणी मुलांची नव्हे, आत्म्यांच्या वतीनें; मुलें ती पोंचवितात इतकेंच. फोज्जा शहरांत आणखी निराळें: तेथें मुलें पलंगाशीं मोजा टांगून झोंपतात व मृत माणसें तो रात्रीं भरून ठेवतात.

येथें वाद येतो तो असा. हॅलोवीननें हें सारें घालविलें काय? पुष्कळ इटालियन होय म्हणतील. मला तसें वाटत नाहीं, आणि माझ्या बाजूनें एक भक्कम साक्षीदार आहे. प्रसिद्ध कादंबरीकार आंद्रेआ कामिल्लेरी (जन्म १९२५, मृत्यु २०१९) हे सिसिलीचे. आपल्या बालपणच्या ह्या रात्रीविषयीं त्यांनीं लिहून ठेवलें आहे, आणि ती रीति मावळण्याचा आरंभ ते १९४३ सालापासून धरतात. त्या वर्षीं अमेरिकन सैन्य सिसिलींत उतरलें व त्याच्याबरोबर नाताळचें झाड आलें. भेटी हळूहळू त्या झाडाखालीं सरकल्या, आणि मृतांना घराची वाट सांपडेनाशी झाली. म्हणजे हॅलोवीन आला तेव्हां बऱ्याच घरांतील ती जागा अर्धीअधिक रिकामी झालेलीच होती. चोराचा माग काढतांना शेवटीं दिसलेल्या माणसास पकडण्याची जी संवय आहे, तिचेंच हें एक उदाहरण.

असें असतांहि दोन सणांत एक फरक राहतो, आणि मुलांच्या बाबतींत तो लहान नव्हे. हॅलोवीनच्या भुताला नांव नसतें. तें कोणाचेंच कोणी नसतें. त्याला भ्यावयाचें किंवा त्याचें सोंग घ्यावयाचें. सिसिलीच्या मुलाकडे येणाऱ्या मृताला नांव होतें, भिंतीवर तसबीर होती, आणि त्याच्याविषयीं घरांत गोष्टी सांगितल्या जात. ज्या घरांत नुकतेंच कोणी वारलें असेल त्या घरांतील मुलाला ह्या दोहोंपैकीं कोणता सण उपयोगी पडेल? मूल विचारतें, आजोबा कोठें गेले? आपण गडबडतों, विषय पालटतों, देवाघरीं म्हणतों. तेथील आईला त्या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागत नसे. वर्षांतून एकदां मुलाच्या हातांत खेळणें पडे, आणि दुपारीं तें आजोबांच्या दारापर्यंत चालत जाई. मुलाला पुढें कधींतरी खरी गोष्ट कळेच. हीं खेळणीं कोणीं घेतलीं हें कळण्याचें वय येतेंच. परंतु तोंपर्यंत कबरस्तानाची वाट पायांना ठाऊक झालेली असे.

आज इटलींतील पुष्कळ कुटुंबें दोन्ही करतात, आणि त्यांत मला तरी गैर दिसत नाहीं. ३१ तारखेस सोंगें, २ तारखेस कबरस्तान. मध्यें भोपळ्याचा दिवा दोन्हीकडे लागतो. हा दिवा करण्याची रीति थोडक्यांत सांगतों. भोपळ्याचें झांकण कापतांना सुरी सरळ न धरतां तिरपी धरावी, म्हणजे झांकण आंत पडत नाहीं. आंतील गर मोठ्या चमच्यानें खरवडून भिंत बोटभर जाडीची ठेवावी. जाड राहिली तर उजेड कोंडतो. चेहरा मुलानें कोळशानें काढावा, कापण्याचें काम मोठ्यानें करावें. झांकणास एक छिद्र धुरासाठीं ठेवावें. दिवा मुलाच्या हातीं राहणार असेल तर मेणबत्तीपेक्षां विजेरीवरील बारीक दिवाच बरा. गर फुकट घालवूं नये: मांतोव्हा शहरीं त्याचें सारण भरून करंज्यांसारखे 'तोर्तेल्ली' करतात, आणि रोमकडील लोक बिया मीठ लावून भाजून खातात. एक अडचण मात्र आहे. इटलीचे जुने खाण्याचे भोपळे, विशेषतः किओज्जाकडील हिरवट-करड्या खरबरीत सालीचे, चवीला उत्तम परंतु कोरावयास दगडासारखे. नारिंगी पातळ सालीचे कोरावयास सोपे परंतु चवीला पाणचट. तेव्हां एक दिव्यासाठीं व एक पानासाठीं असे दोन घ्यावे. ऑस्ट्रियाच्या सरहद्दीकडील जर्मन भाषिक खोऱ्यांत मुलें भोपळ्याऐवजीं कागदी कंदील करतात व ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशीं ते घेऊन मिरवणुकीनें निघतात. आपल्या आकाशकंदिलाच्या कारागिरीस तेथें कोणीहि दाद देईल.

राहिला प्रश्न हिंडण्याचा. चक्रपाळण्यांचीं व तिकिटांचीं मोठीं क्रीडा-उद्यानें गार्दा सरोवराकाठीं व अन्यत्र आहेत. तीं ह्या दिवसांत भोपळ्यांनीं सजतात, त्यांच्याविषयीं सांगण्यासारखें फार नाहीं. मुलांना काहीं दाखवावयाचें असेल तर ईशान्येकडील फ्रिउली प्रांतांतील वेन्झोने गांवीं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांच्या सुमारास भोपळ्यांची जत्रा भरते, तेथें जावें. ह्या तटबंदीच्या गांवाचा १९७६ च्या दोन भूकंपांत चुराडा झाला. गांवकऱ्यांनीं आपल्या मोठ्या चर्चचे दगड वेंचून, त्यांना क्रमांक घालून, तेंच चर्च त्याच जागीं पुन्हां उभें केलें. ठोकळे जोडण्याचा नाद असलेल्या मुलाला ही हकीकत फार आवडेल. जत्रेच्या मुळाशीं अशी गोष्ट सांगतात कीं, चर्चच्या शिखरासाठीं सोन्याचा मुलामा दिलेला गोळा करणाऱ्या कारागिराची मजुरी गांवानें बुडविली, म्हणून त्यानें रातोरात गोळ्याच्या जागीं मुलामा दिलेला भोपळा बसविला. कांहीं दिवसांनीं तो कुजून खालीं आला!

रोमच्या उत्तरेस व्हितेर्बोजवळ बोमार्झो येथें राक्षसांची राई आहे. सोळाव्या शतकांत व्हिचिनो ओर्सिनी ह्या सरदारानें तेथील खडकांतूनच प्रचंड मूर्ति कोरविल्या: सोंडेंत शिपाई धरलेला हत्ती, पाठीवर मूर्ति घेतलेलें कासव, सिंहांशीं झुंजणारा ड्रॅगन, आणि एक मुद्दाम कललेलें घर, ज्यांत शिरलें कीं जमीन तिरपी व भिंती तिरप्या असल्यामुळें डोकें गरगरतें. सर्वांत मोठी गंमत आ वासलेल्या राक्षसाच्या तोंडाची. पायऱ्या चढून त्या तोंडांत शिरतां येतें. आंत दगडी मेज आहे, आणि आंत बोललेलें बाहेर घुमून ऐकूं येतें. भय आणि खेळ यांची इतकी निरोगी मिसळण मीं तरी दुसरीकडे ऐकलेली नाहीं. शतकानुशतकें ही राई रानांत बुजून गेली होती. ती साफ झाली विसाव्या शतकाच्या मध्यास.

लिगुरियांतील त्रियोरा गांवाचें नांव चेटकिणींचें गांव म्हणून हॅलोवीनला पुढें येतें. तेथें १५८७ ते १५८९ या काळांत गांवच्या बायकांवर चेटकाचे खटले झाले, त्यांचे हाल झाले, कांहीं कैदेंतच मेल्या. तेथील संग्रहालय मोठ्या मुलांना समजावून दाखविण्यासारखें आहे. परंतु त्या गांवीं चेटकिणीचा टोप घालून नाचावयाचें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मी टोप घरीं ठेवीन.

आणि कबरस्तानें? तीं सहलीची जागा होऊं शकतात, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. जेनोवाचें स्तालियेनो हें कबरस्तान १८५१ सालीं उघडलें. तेथें संगमरवरी देवदूतांचें व उमरावांचें अरण्य आहे, आणि त्या अरण्यांत एक साधी म्हातारी उभी आहे. तिचें नांव कातेरीना काम्पोदोनिको. ही बाई जत्रेंतून हिंडून हेझलनटांच्या माळा व गोड कडीं विकी. जन्मभर सांठविलेल्या पैशांतून तिनें स्वतःचा पुतळा लोरेन्झो ओरेंगो ह्या शिल्पकाराकडून १८८१ च्या सुमारास, आपण जिवंत असतांनाच, करवून घेतला. जरतारी शाल, झालरीचें वस्त्र, हातांत माळा व कडीं. मोठ्या मोठ्या थडग्यांपुढून भरभर जाणारीं मुलें हिच्यापुढें थबकतात, कारण हिच्या हातांत खाऊ आहे. व्हेनिसचें कबरस्तान तर सान मिकेले नांवाच्या स्वतंत्र बेटावर आहे. पूर्वीं ह्या दिवसांत शहराच्या कांठापासून त्या बेटापर्यंत पाण्यावर तात्पुरता पूल टाकीत. तो प्रघात विसाव्या शतकाच्या मध्यास बंद पडला होता. २०१९ च्या नोव्हेंबरांत तो पूल पुन्हां टाकला गेला, आणि आजी, सून, बाबागाडींतलें मूल असे सारे फुलें घेऊन चालत पलीकडे गेले.

फुलांवरून एक सूचना. हीं फुलें म्हणजे शेवंती. नोव्हेंबरच्या आरंभीं इटलींतील प्रत्येक फुलवाल्याकडे पांढऱ्यापिवळ्या शेवंतीचे ढीग असतात, आणि ते कोठें जावयाचे हें तेथें लहान मुलासहि ठाऊक असतें. आपल्याकडे शेवंती देवाला चालते, वेणींत शोभते; म्हणून इटलींत राहणाऱ्या आपल्या एखाद्या गृहिणीनें मोठ्या प्रेमानें शेजारणीच्या घरीं शेवंतीचा गुच्छ न्यावा आणि शेजारणीनें दारांतच चेहरा उतरवावा, असा प्रसंग सहज घडूं शकतो. त्या दिवसांत कोणाकडे जावयाचें झालें तर मिठाईची पेटी न्यावी. ती २ तारखेच्या सकाळीं न्यावयाची असेल तर तशी आदल्या आठवड्यांतच सांगून ठेवावी लागते, कारण पहिल्या तारखेस दुकानें बहुतेक बंद असतात.